धर्मनिष्ठ प्रकाशन आणि वाचकाची कसोटी

विशिष्ट धर्ममताशी बांधलेल्या प्रकाशनसंस्थेकडे साहित्याचा अभ्यासक सहसा संशयाने पाहतो. जेथे निष्कर्ष आधीच ठरलेला आहे, तेथे विचाराला वाव तो कितीसा असणार, असा त्याचा प्रश्न असतो. प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर एखाद्या संस्थेच्या प्रत्यक्ष कार्यात शोधणे अधिक उपयुक्त ठरते. या दृष्टीने लंडन येथे १९२६ साली स्थापन झालेल्या ‘शीड अँड वॉर्ड’ या कॅथलिक प्रकाशनसंस्थेचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे.

फ्रँक शीड आणि मेझी वॉर्ड हे दांपत्य या संस्थेचे संस्थापक होय. शीड हे ऑस्ट्रेलियात वाढलेले व कायद्याचा अभ्यास केलेले गृहस्थ. मेझी वॉर्ड या कार्डिनल न्यूमन यांचे चरित्रकार विल्फ्रिड वॉर्ड यांच्या कन्या. दोघेही धर्माधिकारी नव्हते, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. ‘कॅथलिक एव्हिडन्स गिल्ड’ या मंडळाच्या वतीने लंडनच्या हाइड पार्कमध्ये उघड्यावर उभे राहून ते धर्मतत्त्वांचे विवरण करीत आणि श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत. तेथील श्रोता भाविक असेलच असे नसे. कंटाळला की तो पाठ फिरवून चालू लागे. जो आपले मत मानीत नाही, त्यालाही ते नीट कळावे अशा रीतीने मांडावयाचे, हा धडा शीड यांनी तेथे घेतला आणि तोच पुढे त्यांच्या प्रकाशनाचा पाया झाला.

इंग्लंडातील कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसण्याचा हक्क १८२९ साली मिळाला. दीर्घकाळ बचावाच्या पवित्र्यात राहिलेल्या या समाजात भक्तिपर पुस्तिका आणि वादग्रंथ यांना मोठे स्थान असणे स्वाभाविक होते. शीड यांना सुशिक्षित प्रापंचिक वाचकासाठी ईश्वरविद्या, इतिहास व तत्त्वज्ञान यांचे ग्रंथ हवे होते. जर्मन पंडित कार्ल आडाम आणि फ्रेंच तत्त्वज्ञ झाक मारितँ यांचे विचार या संस्थेने इंग्रजीत आणले. क्रिस्टफर डॉसन यांचा ‘प्रोग्रेस अँड रिलिजन’ हा ग्रंथ १९२९ साली निघाला. धर्म ही संस्कृतीला घडविणारी शक्ती आहे, हे त्यातील प्रतिपादन ऐतिहासिक प्रमाणांवर उभे असल्यामुळे श्रद्धा नसलेल्या अभ्यासकालाही ते तपासता येते. १९३३ साली न्यूयॉर्क येथे शाखा निघाली आणि १९३९ साली डोरथी डे यांनी दरिद्रीसेवेच्या अनुभवांवर लिहिलेले पुस्तक संस्थेने छापले.

या धोरणाला मर्यादा होत्याच. ईश्वरविद्येवरील ग्रंथ छापण्यापूर्वी धर्माधिकाऱ्यांची संमती घ्यावी, असा त्या काळी चर्चचा नियम होता आणि संस्थेने तो मान्य केला होता. तिचे स्वातंत्र्य ग्रंथांच्या निवडीत आणि विवेचनाची पातळी ठरविण्यात होते. ते लहान नव्हते. चर्चच्या अंतर्गत सुधारणेची मागणी करणारा हान्स क्यूंग यांचा ग्रंथ तिने १९६१ साली, म्हणजे दुसरी व्हॅटिकन धर्मपरिषद भरण्याच्या आदल्या वर्षी, इंग्रजीत प्रसिद्ध केला.

ललित वाङ्मयाच्या बाबतीत मात्र चित्र निराळे दिसते. ग्रॅहम ग्रीन व एव्हलिन वॉ हे दोघेही कॅथलिक. परंतु त्यांच्या प्रसिद्ध कादंबऱ्या निघाल्या त्या सर्वसाधारण प्रकाशकांकडून. यामागे व्यावहारिक कारणे असतीलच. तथापि, पापी मनाचा शेवटपर्यंत पाठपुरावा करणारी कादंबरी आणि सिद्धांताचे विवरण करणारी संस्था यांच्या प्रकृतीतील अंतरही त्यातून सूचित होते, असे म्हणावयास हरकत नाही.

१९७३ साली न्यूयॉर्कची संस्था विकली गेली आणि संस्थापकांचा काळ संपला. भारतीय भाषांतही मठ, संप्रदाय आणि राजकीय पक्ष यांनी चालविलेल्या ग्रंथमाला आहेत. त्यांचे मूल्यमापन करताना प्रकाशकाची निष्ठा कोणती, एवढेच विचारून भागणार नाही. असहमत होण्याचा अधिकार असलेला वाचक त्याने डोळ्यांसमोर ठेवला आहे काय, हेही विचारावे लागेल. आणि त्याचे उत्तर ग्रंथांच्या पानांतच सापडेल.