हातापायांची बधिरता : दुर्लक्ष नको, निदान हवे

मोर्शी तालुका संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तोडणीचे, निंदणाचे वा फवारणीचे काम करणारा येथील मजूर हातांच्या बळावरच संसार चालवितो. बोटात काटा रुतला की तो चटकन हात मागे घेतो. ही वेदनाच त्याच्या हाताचे रक्षण करीत असते. ज्याला काटा वा चुलीचा चटका कळत नाही, त्याची जखम चिघळते आणि अखेर बोटे गमावण्याची पाळी येते. बधिरता दुखत नाही म्हणून ती अंगावर काढली जाते. धोका नेमका तेथेच आहे.

स्पर्श, उष्णता व वेदना यांची वार्ता मज्जातंतू मेंदूपर्यंत पोहोचवितात. फार वेळ मांडी घालून बसल्याने पायाला मुंग्या येतात व थोड्याच वेळात जातात. त्यात काळजीचे कारण नसते. मात्र मुंग्या वा बधिरता वारंवार येऊ लागली, तर मज्जातंतूंना इजा होत असल्याची शंका घ्यावी.

आपल्या भागात अशा वेळी कुष्ठरोगाची तपासणी अवश्य व्हावी. त्वचेवर फिकट वा लालसर, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा हे त्याचे प्रमुख लक्षण होय. कोपर, गुडघा व घोटा यांजवळील नसा जाड होऊन दुखू शकतात. हा रोग जंतूंमुळे होतो, हे नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली दाखविले. तो आनुवंशिक नाही आणि पूर्वसंचिताचे फळही नाही. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ तपोवन उभारले, तेव्हा समाजाने दूर लोटलेल्या रुग्णांना तोच आधार होता. आज बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो. रोगाच्या प्रकारानुसार सहा वा बारा महिन्यांत तो पूर्ण होतो आणि उपचार सुरू होताच संसर्गाचा धोका झपाट्याने ओसरतो. डिसेंबर २००५ मध्ये देशातील रुग्णांचे प्रमाण दर दहा हजारी एकाहून खाली आले. तथापि नवे रुग्ण आजही आढळतात.

प्रत्येक बधिरता म्हणजे कुष्ठरोग नव्हे. मधुमेहात दोन्ही तळपाय जळजळतात व हळूहळू बधिर होतात. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, अतिमद्यपान, मनगटात वा मणक्यात दबलेली नस आणि क्षयरोगावरील काही औषधे हीदेखील कारणे असू शकतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले. काही कीटकनाशकांचा परिणाम तर दोन-तीन आठवड्यांनंतर पायांच्या मुंग्या व अशक्तपणा या रूपाने दिसतो. म्हणून आपण कोणते औषध फवारले, हे रुग्णाने डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. काही रुग्णांत सर्व तपासण्यांनंतरही कारण सापडत नाही; तरीही हातापायांची निगा राखणे त्यांच्या हाती असते.

शरीराची एक बाजू एकाएकी बधिर झाली, अथवा पायांतील अशक्तपणा झपाट्याने वर चढू लागला, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. २०२५ च्या आरंभी पुणे परिसरात आढळलेल्या गियाँ-बारे विकाराचे स्वरूप असेच होते.

येथे गावच्या कार्यकर्त्यांची जबाबदारी मोठी आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या अंगावरील चट्ट्यांची नोंद घ्यावी, पण ती चारचौघांत बोलून दाखवू नये. २०१७ पासून ३० जानेवारीस सुरू होणाऱ्या ‘स्पर्श’ मोहिमेत पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत या विषयाची चर्चा घडवून आणावी. ज्यांची संवेदना गेली आहे त्यांनी रोज रात्री तळपाय पाहावेत, अनवाणी चालू नये आणि गरम भांडे फडक्याने धरावे.

मज्जातंतूंची इजा पहिल्या सहा महिन्यांत ध्यानी आली, तर ती बरीचशी भरून निघण्याची आशा असते. पुढे औषधाने रोग बरा होतो, पण गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. गावातील एखाद्या मजुराने “हात बधिर वाटतो” असे सहज म्हटले, तर ते सहज सोडून देऊ नये. त्याला त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात पाठवावे.