ना धड उंच, ना धड चपळ

बसवनगुडीतल्या नॅशनल हायस्कूलमध्ये आणि पुढे नॅशनल कॉलेजात शिकलेल्या अनिल कुंबळेबद्दल जाणकारांची पहिल्यापासून एकच तक्रार होती: चेंडू वळत नाही. लेगस्पिनर म्हणावं तर वळण कमी, मध्यमगती म्हणावं तर वेग कमी. १९९० साली ओल्ड ट्रॅफर्डवर त्याला पहिली कसोटी मिळाली, दुसरी मिळायला १९९२ उजाडलं. तेही इराणी करंडकात १३ बळी घेतल्यावर. पुढचा ६१९ बळींचा हिशेब वाचकांना सांगायला नको.

लेख बास्केटबॉलचा आहे, आणि तरी सुरुवात कुंबळेपासून केली आहे. कारण कॉलेजात चमकलेला फॉरवर्ड, म्हणजे बास्केटच्या आसपास खेळणारा उंच खेळाडू, व्यावसायिक संघात टिकेल का, हे ठरवताना अमेरिकेतले मुरलेले पारखीसुद्धा नेमके याच जागी फसतात. मुलगा कोणत्या साच्यात बसत नाही हे त्यांना पटकन दिसतं. त्याच्याकडे काय आहे ते दिसायला मात्र वेळ लागतो.

आधी थोडी व्यवस्था समजून घेऊ. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, दरवर्षी जूनमध्ये ड्राफ्ट होतो. दोन फेऱ्या, साधारण ६० नावं. आयपीएलसारखी बोली इथे नसते. संघ आपापल्या क्रमाने एकेक खेळाडू उचलतात. आदल्या मोसमात प्लेऑफला न पोहोचलेल्या १४ संघांची आधी सोडत निघते, म्हणजे दुबळ्यांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक. पहिल्या फेरीत निवडलेल्याला निदान दोन वर्षांच्या पगाराची हमी असते. दुसऱ्या फेरीतल्याला तशी काहीच हमी नाही. त्यामुळे तिसाव्या आणि एकतिसाव्या नावात खेळाचा फरक नसला, तरी पोटापाण्याचा असतो.

आता दोन फॉरवर्ड शेजारी उभे करू. पहिला ड्रेमंड ग्रीन. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत पूर्ण चार वर्षं खेळला. शेवटच्या मोसमात सामन्यामागे १६.२ गुण, १०.६ रिबाउंड (हुकलेल्या फेकीचा चेंडू पकडणं) आणि ३.८ असिस्ट (सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारा पास). उंची साधारण ६ फूट ६ इंच, दोन्ही हात पसरले तर बोटाच्या टोकापासून टोकापर्यंत ७ फूट १ इंच. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव ३५ वं आलं. बास्केटखाली सात फुटी खेळाडूंशी भिडायला तो बुटका आणि बाहेर चपळ खेळाडूंमागे धावायला जड, असा सर्वसाधारण निवाडा होता. शिवाय वय २२, म्हणजे आता आणखी काय वाढणार?

दुसरा अँथनी बेनेट. नेवाडा युनिव्हर्सिटीच्या लास व्हेगासच्या संघात एकच वर्ष खेळला: १६.१ गुण, ८.१ रिबाउंड. शरीराची मापं जवळपास ग्रीनसारखीच, हातांचा पल्लाही तेवढाच. वय २०. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, क्लीव्हलंडने त्याला चक्क पहिल्या क्रमांकावर उचललं.

बेनेट चार मोसमांत चार संघ फिरला आणि एनबीएतून बाहेर पडला. ग्रीन गोल्डन स्टेट वॉरियर्सबरोबर चार वेळा विजेता झाला आणि २०१७ साली लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरला. फीतपट्टीने मोजलं तर जुळे वाटावेत असे हे दोघे. मग पहिल्या क्रमांकाचा का फसला आणि पस्तिसाव्या क्रमांकाचा का टिकला?

माझ्या मते उत्तर असिस्टच्या रकान्यात होतं. बेनेटचा आकडा सामन्यामागे जेमतेम एक, ग्रीनचा जवळजवळ चार. कॉलेजात धिप्पाड मुलगा अंगबळावर गुण मिळवतो. समोरचा बचावपटू उद्या विमा कंपनीत किंवा बँकेत कामाला लागणार असतो. व्यावसायिक खेळात समोरचे सगळेच धिप्पाड, सगळेच चपळ, त्यामुळे अंगबळाचा वरचष्मा संपतो. तिथे उरतं ते डोकं: चेंडू हातात आल्यावर अर्ध्या सेकंदात काय केलं? फॉरवर्डचे असिस्ट म्हणजे त्याला आपल्याखेरीज इतर नऊजण कुठे उभे आहेत हे दिसत असल्याचा पुरावा. ज्याला आक्रमणात ते दिसतं, त्याला बचावातही बहुधा दिसतं. ग्रीनचा बचाव याच नजरेवर उभा आहे. एकाच आकड्यावर सगळा निकाल लावू नये हे खरं, पण फॉरवर्डच्या बाबतीत मी हा रकाना गुणांच्या आधी वाचतो.

वयाचं गणित इतकं सरळ नाही. १९ वर्षांच्या मुलाने २२ वर्षांच्यांविरुद्ध केलेले १६ गुण नक्कीच जास्त वजनाचे. म्हणून तर एकेक वर्ष कॉलेजात काढून मुलं ड्राफ्टला येतात. अमेरिकेत ड्राफ्टच्या वर्षी १९ पूर्ण व्हावे लागतात, असा नियम २००६ च्या ड्राफ्टपासून आहे. पण 'तरुण आहे, शिकेल' हे वाक्य कशावरही पांघरूण घालू शकतं. शिकण्याची चिन्हं आधी कुठेतरी उमटलेली असावी लागतात.

ती कुठे शोधायची, याचं उत्तम उदाहरण कवाय लेनर्ड. सॅन डिएगो स्टेटमध्ये दोन वर्षं खेळला, तेव्हा तीन गुणांच्या त्याच्या चार फेकींपैकी जेमतेम एक बास्केटमध्ये जाई. एनबीएची ती रेषा तर आणखी मागे, ७.२४ मीटरवर (आपल्याकडे आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत ६.७५). २०११ मध्ये तो पंधराव्या क्रमांकापर्यंत घसरला. इंडियानाने त्याला निवडलं आणि जॉर्ज हिलच्या बदल्यात त्याच रात्री सॅन अँटोनियोला देऊन टाकलं. पण फ्री थ्रो तो चारपैकी तीन साधत होता. फ्री थ्रोच्या वेळी समोर कोणी नसतं, अंतर ठरलेलं असतं. तिथे मनगट आणि कोपर खरं बोलतात. कॉलेजातले तीन गुणांचे प्रयत्न संख्येने थोडे, परिस्थिती दर वेळी वेगळी. म्हणून पुढे नेम सुधारेल का, हे पाहताना पारखी फ्री थ्रोच्या टक्केवारीवर अधिक भरवसा ठेवतात. सॅन अँटोनियोचे नेमबाजीचे प्रशिक्षक चिप एंगलंड यांनी लेनर्डची फेक घडवली, आणि पहिल्याच मोसमात तो तीन गुणांच्या १०० पैकी ३७ हून अधिक फेकी साधू लागला.

ताकदीच्या चाचण्यांबद्दल फार लिहीत नाही. २००७ मध्ये टेक्सासचा फॉरवर्ड केव्हिन ड्युरंट ८४ किलोचा बार छातीवरून एकदाही उचलू शकला नव्हता, एवढं पुरे.

मात्र पारख अचूक असूनही निवड चुकू शकते, कारण संघ मुलाबरोबर स्वतःची गरजही मोजत असतो. बेंगळुरूकरांना हे समजावून सांगावं लागत नाही. २००८ साली आयपीएलच्या पहिल्या मोसमाआधी १९ वर्षांखालच्या खेळाडूंसाठी लिलाव नव्हता, ड्राफ्टच होता. दिल्लीचा क्रमांक आधी आला. त्यांच्याकडे सेहवाग, गंभीर होतेच. गोलंदाज हवा म्हणून त्यांनी प्रदीप सांगवानला घेतलं. नुकताच विश्वचषक जिंकून आलेला युवा संघाचा कर्णधार, आणि तोही दिल्लीचाच मुलगा, विराट कोहली बेंगळुरूकडे आला. दिल्लीचा हिशेब त्या दिवशी मूर्खपणाचा नव्हता. १९८४ मध्ये त्याच जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर संघात असल्यामुळे पोर्टलंडने मायकेल जॉर्डनला सोडून सॅम बॉवीला घेतलं, तोही नव्हता. फक्त आजची गरज दोन वर्षांत बदलते आणि निवडलेला माणूस दहा वर्षं राहतो.

मग आपल्या मुलामुलींचं काय? भारतातून ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला खेळाडू पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग. २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. तो कॉलेजात खेळलाच नव्हता, फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीतून थेट आला होता. ती निवड उघडच ७ फूट २ इंचांची होती, आणि एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्यापेक्षा बेंगळुरूच्या संजना रमेशची वाट मला शिकण्यासारखी वाटते. ही फॉरवर्ड २०१९ मध्ये नॉर्दर्न ॲरिझोना युनिव्हर्सिटीच्या संघात दाखल झाली, म्हणजे अमेरिकी कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या विभागात. तिथे रोज सरावात आपल्याइतक्याच उंच मुली समोर असतात, आणि उंचीखेरीज आपल्याजवळ काय आहे हे कळायला दुसरा मार्ग नाही.

इथे घरी राहिलेल्यांची मुख्य वाट ड्राफ्टची नाही, नोकरीतल्या स्पोर्ट्स कोट्याची आहे. रेल्वे, बँका, आयकर खातं. यूबीए नावाच्या लीगमध्ये बेंगळुरू बीस्ट आणि पुणे पेशवाज असे संघ उतरले होते, पण काही मोसमांत ती थांबली. कोट्यात पाहिलं जातं ते प्रमाणपत्र: राज्याकडून खेळलात का, आंतरविद्यापीठ स्पर्धेत होतात का. म्हणजे आपली पद्धत झालेल्या कामाची पावती तपासते, पुढे काय होईल याचा अंदाज बांधायची तिला गरजच पडत नाही. नोकरीसाठी हे न्याय्य असेलही. पण त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे 'हा बाविसाव्या वर्षी कसा असेल' या नजरेने पाहणारा माणूस आपल्याकडे तयार होत नाही. कुंबळेला मोठा भाऊ दिनेश होता. त्याने सांगितलं म्हणून मध्यमगती टाकणारा मुलगा लेगस्पिनकडे वळला.

ही नजर कमवायला अमेरिकेत जावं लागत नाही. बुल टेम्पल रोडवरच्या बीएमएस इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा पुण्या-नागपुरातल्या कुठल्याही कोर्टावर आंतरमहाविद्यालयीन सामना असेल तेव्हा जा आणि पहिली दहा मिनिटं चेंडूकडे पाहूच नका. एकच फॉरवर्ड धरा. चेंडू कोर्टाच्या दुसऱ्या बाजूला असताना त्याचे पाय काय करतात? सहकाऱ्याचा खेळाडू निसटला तर हा आपला सोडून मदतीला जातो का, आणि वेळेत परत येतो का? त्याच्यावर दोघे धावून आले की चेंडू कुठे जातो? फ्री थ्रो मोजून ठेवा. एवढं झाल्यावर फलकावर त्याच्या नावापुढे किती गुण लागलेत, ते खुशाल पाहा.