शेतकामाचे नियोजन आणि मोबाइल अ‍ॅपची फेररचना

शेती हा उघड्या आभाळाखालचा व्यवसाय आहे. पेरणी, कोळपणी, फवारणी, काढणी ही सर्व कामे हवामानाच्या कलाने करावी लागतात. म्हणून ‘आज कोणते काम हाती घ्यावे आणि कोणते थांबवावे’ हा प्रश्न शेतकऱ्यापुढे रोज सकाळी उभा असतो. पूर्वी वारा, ढग व नक्षत्र पाहून त्याचे उत्तर शोधले जाई. आता मोबाइलचे साहाय्यही मिळू लागले आहे. भारतीय हवामान विभाग, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था व भारतीय कृषि अनुसंधान परिषद यांनी २०१९ मध्ये ‘मेघदूत’ हे अ‍ॅप सुरू केले. त्यातून हवामानाचा अंदाज व पीकसल्ला मिळतो. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरील अंदाजही उपलब्ध झाले आहेत.

तथापि, माहिती मिळणे आणि ती कामी येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अशा प्रकारचे कोणतेही अ‍ॅप नव्याने तयार करताना किंवा जुन्याची फेररचना करताना पुढील बाबींचा विचार अवश्य व्हावा.

कामानुसार मांडणी

वेधशाळेच्या नोंदवहीत तापमान, आर्द्रता, वारा व पाऊस यांचे रकाने वेगवेगळे असतात. तीच मांडणी मोबाइलवर आणल्यास पाठीवर पंप घेतलेल्या शेतकऱ्यास चार रकाने वाचून निष्कर्ष स्वतःच काढावा लागतो. त्याऐवजी पहिल्या पडद्यावर कामांची नावे असावीत. ‘फवारणी’ या शब्दावर बोट ठेवताच ‘सकाळी ७ ते १० योग्य, दुपारनंतर वारा वाढेल, सायंकाळी पावसाचा संभव’ असे उत्तर मिळावे. उत्तराखाली कारण दिलेले असल्यास शेतकरी ते स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहू शकतो. औषध पानावर टिकण्यास किती वेळ कोरडा लागतो हे औषधागणिक बदलते. म्हणून वेष्टनावरील सूचना वाचण्याची आठवणही तेथेच द्यावी.

पेरणीच्या बाबतीत ही मांडणी अधिक मोलाची ठरते. सोयाबीनसारख्या खरीप पिकाची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल व वाफसा आल्यावरच करावी, अशी कृषि विभागाची शिफारस आहे. पहिल्याच सरीवर भुलून पेरणी केली आणि नंतर दीर्घ उघडीप पडली, तर बियाणे वाया जाऊन दुबार पेरणीचे संकट ओढवते. यास्तव पेरणीच्या पडद्यावर केवळ उद्याचा अंदाज न देता आजवर पडलेल्या पावसाची बेरीजही ठळकपणे दाखवावी. एकाच शिवारात ओढ्याच्या अलीकडे पाऊस पडतो व पलीकडे पडत नाही. म्हणून शेतकऱ्यास स्वतःच्या शेतावर मोजलेला पाऊस नोंदविण्याची सोयही असावी.

अंदाज म्हणजे हमी नव्हे

‘पावसाची शक्यता ३० टक्के’ याचा अर्थ, अशा स्थितीच्या दहा दिवसांपैकी सुमारे तीन दिवशी पाऊस पडतो, असा आहे. केवळ ढगाचे चित्र काढल्याने हा अर्थ लोपतो. ‘दहांपैकी तीन’ असे शब्दांत लिहिल्यास कापलेले पीक उघड्यावर ठेवण्याचा धोका पत्करावा की नाही, हे शेतकरी ठरवू शकतो. अंदाज कोणत्या दिवशी व किती वाजता तयार झाला, हेही ठसठशीत दिसले पाहिजे.

शेतावर वापरता यावे

कार्यालयात सुबक दिसणारा पडदा भर उन्हात अनेकदा वाचता येत नाही. अक्षरे मोठी व पार्श्वभूमीहून स्पष्ट वेगळी असावीत. दाबावयाची जागा सुमारे एक सेंटिमीटर रुंद असावी. ओले किंवा मातीने भरलेले बोट लहान खुणेवर नेमके पडत नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी व लाल हे इशाऱ्याचे रंग शब्दांसह द्यावेत, कारण काही जणांस हिरवा व लाल यांतील भेद दिसत नाही. अनेक शिवारांत रेंज नसते. म्हणून घरून निघताना घेतलेली माहिती रेंजवाचूनही दिसत राहिली पाहिजे. ज्यांस वाचणे अवघड जाते त्यांच्यासाठी मराठीत बोलून सांगण्याची व्यवस्था असावी.

विजेचा इशारा

येथे प्रश्न पिकाचा नसून प्राणाचा आहे. पुण्याच्या उपरोक्त संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप परिसरातील विजांची सूचना देते. असा इशारा इतर सर्व माहितीच्या वर, आवाजासह आला पाहिजे. मात्र क्षुल्लक गोष्टींसाठी वारंवार आवाज झाल्यास लोक तो बंद करून टाकतात व खरा इशारा ऐकू येत नाही. म्हणून मोठा आवाज विजेसारख्या संकटासाठीच राखावा. इशाऱ्यासोबत कृतीही सांगावी: वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आल्यास वीज सुमारे १० किलोमीटरच्या आत आहे. काम थांबवावे, झाडाखाली उभे राहू नये, पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये.

ग्राम कार्यकर्त्यांचे साहाय्य

फेररचनेचा पाया शेतावरील निरीक्षण हाच होय. ग्राम कार्यकर्त्यांनी पुढीलप्रमाणे साहाय्य करावे:

१. पाच-सहा शेतकऱ्यांच्या हाती अ‍ॅप देऊन ‘उद्या फवारणी करावी काय?’ यासारखा एकच प्रश्न विचारावा. त्यांत स्त्रिया, वयस्क व अल्पशिक्षित व्यक्ती असाव्यात.

२. मध्ये बोलू नये, बोट दाखवू नये. शेतकरी कोठे अडला, हे लिहून घ्यावे.

३. न समजलेला शब्द व त्यासाठी गावात रूढ असलेला शब्द, दोन्ही नोंदवावेत.

४. सुधारणा झाल्यावर तीच चाचणी शेतावर, उन्हात, पुन्हा घ्यावी.

शेतकरी अडला तर दोष त्याचा न मानता मांडणीचा मानावा. अ‍ॅप किती जणांनी घेतले यावरून त्याचे यश मोजू नये. ते पाहून फवारणी वाया गेली नाही, पेरणीची घाई टळली आणि विजेच्या वेळी माणसे शेतातून सुखरूप घरी परतली, तर फेररचना सफल झाली असे समजावे.