रजिस्ट्रीच्या दिवशी भाव पाडला तर?



मागच्या बैठकीत आमगावकडच्या एका ताईंनी सांगितलं. घराचा सौदा ठरला, इसार घेतला, पावती मात्र दोन ओळींची. रजिस्ट्रीच्या सकाळी घेणारा म्हणाला, "छत गळतं, ५०,००० कमी करा, नाहीतर राहू द्या." मुलीचं लग्न तोंडावर. ताईंनी मान हलवली.

आपली गरज समोरच्याला कळली आणि कागद कच्चा असला, की असंच होतं. म्हणून ओल, गळती आधीच दाखवा. इसारपावतीत लिहून घ्या : "घर पाहून, आहे त्या स्थितीत पसंत." पूर्ण किंमत, उरलेले पैसे द्यायची तारीख, घेणारा फिरला तर इसाराचं काय, हेही लिहा. साक्षीदारांच्या सह्या घ्या. पैसे बँकेतूनच घ्या. घराच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घ्यायला २०१५ पासून आयकर कायद्यात मनाई आहे.

तरीही अडवलं तर? तिथेच 'हो' म्हणू नका. "घरी विचारून उद्या सांगते," म्हणा. तक्रार खरी असेल तर मिस्त्रीकडून खर्च काढा, तेवढ्यापुरतंच बोला. "उरलेले नंतर देतो" यावर सही करू नका. इसारपावतीने मालकी जात नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे घराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच पुरी होते.

मात्र लिहून दिलेला शब्द आपणही फिरवू नये. घेणाराही कोर्टात जाऊ शकतो.

ताईंचे ५०,००० गेले. तुमचे जाऊ देऊ नका.