उशाशी फूल ठेवावं का?

धाराशिव जिल्ह्यातच तुळजापूर असल्यामुळे इथे आजारी माणसाकडे फूल जातं ते बरेचदा देवीचं. चकचकीत कागदातला गुच्छ इथे क्वचित. भवानीला वाहिलेला झेंडूचा नाहीतर शेवंतीचा हार, सोबत कुंकू आणि अंगारा. हार सलाईनच्या स्टँडला अडकवतात, एखादं फूल उशीखाली सरकवतात. गुलाब आलाच तर स्टीलच्या ग्लासात पाणी घालून कॉटशेजारी. मग सिस्टर येतात आणि म्हणतात, फुलं बाहेर न्या. नातेवाईक दुखावतात, आणि कारण सांगत बसायला सिस्टरांना वेळ नसतो. ते कारण प्रत्येकाने समजून घ्यायला हवं, कारण ते सगळ्या वॉर्डांना सारखं लागू होत नाही.

एक जुना समज आधी बाजूला करू : फुलं रात्री प्राणवायू ओढून घेतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये लिहिलेल्या 'नोट्स ऑन नर्सिंग'मध्येच हा समज खोडून काढला होता. हिशेब सोपा आहे. स्वस्थ बसलेला माणूस तासाला सुमारे १५ लिटर प्राणवायू वापरतो. पाव किलो फुलांना तेवढ्याच वेळात लागणारा प्राणवायू मिलीलिटरमध्येच मोजावा लागतो. म्हणजे कॉटभोवती जमलेला एकेक पाहुणा फुलांच्या शेकडो पट प्राणवायू घेत असतो.

खरी गोष्ट पाण्यात आहे. देठ कापला की त्यातून साखर आणि प्रथिनं पाण्यात झिरपतात. देठावर आणि पानांवर शेतातले जिवाणू आधीच असतात. त्यांना हे आयतं खाद्य मिळतं आणि दोन-तीन दिवसांत ग्लासातल्या एकेका थेंबात त्यांची संख्या लाखांवर जाते. पाणी गढूळ होतं, वास मारतं, देठाच्या नळ्या तुंबतात आणि फूल मान टाकतं. १९७३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात टॅपलिन आणि मर्ट्झ यांनी रुग्णालयांतल्या फुलदाण्या रोगजंतूंचा साठा असल्याचं मांडलं. अशा पाण्यात सापडणाऱ्यांपैकी स्युडोमोनास हा जिवाणू भाजलेल्या त्वचेवर फार लवकर ठाण मांडतो आणि अनेक प्रतिजैविकांना जुमानत नाही.

पण साठा असणं वेगळं आणि त्यातून रोग होणं वेगळं. फुलदाणीतून थेट रुग्णाला संसर्ग झाल्याचे पुरावे अगदीच तुटपुंजे आहेत. म्हणून अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या २००३ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या रुग्णांसाठी फुलांवर बंदी नाही. पाणी रुग्णापासून दूर ओतावं, फुलांना हात लावल्यावर हात धुवावेत आणि शक्यतो हे काम रुग्णसेवेत नसलेल्या माणसाने करावं, एवढंच त्या सांगतात. पायाला प्लास्टर घातलेल्या किंवा हर्नियाच्या शस्त्रक्रियेतून सावरणाऱ्या माणसाला गुलाब देण्यात मला काहीच गैर दिसत नाही. पाणी मात्र रोज बदला, आणि ते वॉर्डातल्या हात धुण्याच्या बेसिनमध्ये ओतू नका.

भाजलेल्यांच्या वॉर्डात आणि अतिदक्षता विभागात मात्र फूल नेऊ नये. आणि सगळ्यात कडक नियम पाळावा तो केमो चालू असलेल्या माणसाजवळ.

धाराशिवकरांना केमोसाठी बार्शीचं नाव वेगळं सांगायला नको. तिथलं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय सोलापूर जिल्ह्यात असलं तरी परंडा-भूमच्या माणसांना ते आपलंच वाटतं. १९८७ मध्ये सुरू झालेल्या बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीत हे दोन्ही तालुके आहेत. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा जगभर गाजलेला प्रयोगही धाराशिव जिल्ह्यातल्याच १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या सहभागाने झाला.

केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांच्या काळात रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यांतल्या न्यूट्रोफिल या पेशी बुरशीला आणि जिवाणूंना अडवतात. त्यांची संख्या घनमिलिमीटरमागे ५०० च्या खाली गेली, तर एरवी निरुपद्रवी असलेली बुरशीही फुप्फुसात वाढू शकते. अस्परजिलस ही त्यांपैकी मुख्य. माती आणि कुजणारा पाला ही तिची घरं. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकमध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना झालेला अस्परजिलसचा संसर्ग आणि रुग्णालयातल्या कुंड्या यांचा संबंध असावा, असं २००० साली जनुकीय तपासणीतून पुढे आलं. २०२१ च्या काळ्या बुरशीने प्रतिकारशक्ती ढासळली की काय होतं ते मराठवाड्याने पाहिलंच आहे. तीही माती आणि कुजक्या पाल्यातलीच.

हार तर पाणी शिंपडून ताजा ठेवलेला असतो. दाट गुंफलेल्या पाकळ्यांमधली ओल सुकत नाही आणि तो आतून कुजू लागतो. उशीखालचं वाळलेलं फूलही सुरक्षित नाही. अमेरिकेच्या त्या २००३ च्या सूचना अशा रुग्णांसाठी वाळक्या फुलांनाही मनाई करतात. देवीचा हार घरच्या देवघरात ठेवावा आणि रुग्णाला फोटो दाखवावा. श्रद्धेत त्याने काहीच उणं होत नाही.

वासाचंही भान हवं. निशिगंध, मोगरा एरवी सुखावतात, पण केमोच्या दिवसांत तोच दरवळ मळमळ वाढवू शकतो. गाजरगवताने अंगाला खाज सुटणाऱ्यांनी शेवंतीपासूनही जपावं. दोन्ही एकाच कुळातली असल्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याचीही होऊ शकते.

इतकं असूनही फुलं, झाडं वॉर्डातून हद्दपार व्हावीत असं मला अजिबात वाटत नाही. कॅन्सस राज्य विद्यापीठाच्या पार्क आणि मॅटसन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ९० रुग्णांचा अभ्यास केला. खोलीत झाडं असलेल्यांना वेदनाशामकं कमी लागली, रक्तदाबही उतरलेला होता. त्याआधी १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले. रुग्णसंख्या लहान होती हे खरं. तरी ज्याच्याजवळ फूल नेता येत नाही त्याला काचेपलीकडचं झाड नक्की देता येतं. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे नवे वॉर्ड बांधताना खिडक्या पार्किंगकडे न ठेवता कडुनिंब, बहावा, कांचन यांच्याकडे उघडणाऱ्या ठेवाव्यात, आणि ही झाडं पाया खोदण्याआधीच लावावीत, म्हणजे पहिला रुग्ण येईपर्यंत ती खिडकीच्या उंचीला लागतील.