बारावा खांब

बंगळूरच्या जुन्या वस्तीत चिकपेट आणि दोडपेट हे दोन हमरस्ते एकमेकांना छेदतात. केंपेगौडाने १५३७ च्या सुमारास वसविलेल्या या नगरीत धंद्याप्रमाणे, म्हणजेच बहुधा जातीप्रमाणे, पेठा पडल्या. कुंभारांची कुंबारपेट, तेल्यांची गाणिगरपेट, माळीकाम करणाऱ्या तिगळांची तिगळरपेट. या नावांचा अर्थ सहज लागतो. परंतु सर्व पेठांना व्यापणारी आणखी एक विभागणी होती. ‘बलगै’ म्हणजे उजवा हात आणि ‘एडगै’ म्हणजे डावा हात. तिचा उलगडा इतका सोपा नाही.

टिपूच्या पाडावानंतर, १८०० साली फ्रान्सिस ब्युकॅनन बंगळूरला आला. उजव्या हाताच्या १८ जाती आणि डाव्या हाताच्या ९ जाती, अशी यादीच त्याने दिली आहे. उजव्यांचे पुढारपण बणजिग व्यापाऱ्यांकडे, तर डाव्यांचे पांचाळ कारागिरांकडे होते. कापडावर छाप उठविणारे रंगारी व शिंपी उजवीकडे, देवांग विणकर डावीकडे. तेल्यांचे तर दोन भाग झाले होते. घाण्याला एक बैल जुंपणारे उजवे, दोन बैल जुंपणारे डावे! एका बाजूच्या जातींना बांधून ठेवील असा धर्म, धंदा वा नाते यांपैकी कोणताच धागा ब्युकॅननला दिसला नाही.

मग कलह कशाचा? लग्नमंडपाला १२ खांब उभारण्याचा अधिकार आमचाच, डाव्यांनी मिरवणुकीत घोड्यावर बसू नये व हनुमंताचे निशाण मिरवू नये, असे उजव्यांचे म्हणणे. डावे कांचीच्या ताम्रपटाचा हवाला देऊन हेच मान आपले म्हणून सांगत. बाराव्या खांबाने मंडप काही अधिक भक्कम होत नव्हता. तो दुसऱ्याला नसणे, यातच त्याचे सारे मोल होते.

सुमारे पावणेदोनशे वर्षांनी, १९७१ मध्ये, हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने ब्रिस्टल येथील शाळकरी मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. क्ले आवडणारे आणि कांडिन्स्की आवडणारे, अशा क्षुल्लक निमित्ताने मुलांचे गट पाडले होते, आणि तेही खरे पाहता यदृच्छेने. आपल्या गटात कोण आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. तरीही पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, तर आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण दुसऱ्याहून अंतर राहावे, असा कल वारंवार दिसला.

पेठ मात्र प्रयोगशाळा नव्हे. ब्रिस्टलची मुले परस्परांच्या बरोबरीची होती. पेठेतील माणसे नव्हती. अस्पृश्य मानलेले होलेय उजव्या हाताला आणि तितकेच अस्पृश्य मानलेले माडिग डाव्या हाताला जोडलेले होते. कलह पेटला की पुढारी आपल्या तळच्या अनुयायांना प्रतिपक्षाची घरेदुकाने लुटण्यास चिथावीत, असे ब्युकॅनन लिहितो. ज्यांच्याशी दुःख समान, तेच शत्रू भासावेत आणि जे शिवून घेत नाहीत ते स्वपक्षीय वाटावेत, हा या विभागणीचा सर्वांत दूरगामी परिणाम होय.

चिकपेटच्या कापडबाजारात आज कोणी व्यापाऱ्याचा ‘हात’ विचारीत नाही. कर्नाटकातील दलितांत मात्र ‘बलगै’ आणि ‘एडगै’ ही नावे अद्याप जिवंत आहेत. आरक्षणाचा मोठा हिस्सा उजव्यांकडे जातो, ही माडिगांची जुनी तक्रार. तिच्या चौकशीसाठी २००५ मध्ये न्यायमूर्ती सदाशिव आयोग नेमण्यात आला. अनुसूचित जातींचे असे उपवर्गीकरण करण्यास सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना मुभा दिली ती १ ऑगस्ट २०२४ रोजी.