अमेरिकेंतील मुलांचीं नवीं नांवें

अमेरिकेंतील एखाद्या प्राथमिक शाळेचें हजेरीपत्रक आज कोणी चाळलें, तर जॉन, मेरी, विल्यम हीं ओळखीचीं नांवें त्यांत थोडींच आढळतील. त्यांच्या जागीं मॅडिसन, जेडन, नव्हेया, ब्रुकलिन, मेसन, मेसाया अशीं नांवें दिसतील. इंग्रजी वाङ्मयाशीं चांगला परिचय असलेल्या माणसासही हीं मुलांचीं नांवें आहेत, गांवांचीं आहेत, कीं धंद्यांचीं आहेत, असा प्रश्न पडावा. वास्तविक यांतील बहुतेक नांवांना उगम आहे आणि कित्येकांना अर्थही आहे. मात्र नांवाची व अर्थाची गांठ तेथें ज्या रीतीनें पडते, ती रीत पंचांग पाहून अक्षर काढणाऱ्यांस अगदींच अपरिचित आहे.

या नांवांचा हिशेब अमेरिकन सरकारचें सोशल सिक्युरिटी खातें ठेवतें. १८८० पासून पुढें जन्मलेल्या मुलांचीं नांवें त्याच्या यादींत वर्षवार लाविलेलीं आहेत. एखादें नांव एका वर्षीं पांचांहून कमी मुलांना ठेविलें असेल, तर तें मात्र प्रसिद्ध करीत नाहींत. या यादींत १८८० पासून १९४६ पर्यंत मुलींमध्यें पहिला क्रमांक एकट्या मेरीचा आहे. १८८० सालीं नोंदलेल्या दर शंभर मुलींत सुमारें सातजणी मेरी होत्या. २०१९ पासून पुढें ऑलिव्हिया हें नांव वर्षानुवर्षें पहिलें येत गेलें. पण तें शंभरांत जेमतेम एकीच्या वांट्यास आलें. सर्वांत आवडतें नांवही इतक्या थोड्यांचें असावें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पूर्वीं बाप्तिस्म्याच्या वेळीं आजीचें किंवा एखाद्या साध्वीचें नांव मुलीस देणें म्हणजे कुळाशीं व धर्माशीं तिचें नातें सांगणें होतें. आपलें मूल वर्गांतील इतर मुलांहून वेगळें ओळखूं यावें, ही इच्छा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बळावली.

तथापि विलक्षण नांवांची हौस त्या देशांत अगदींच नवी नाहीं. सतराव्या शतकांत मॅसॅच्युसेट्समध्यें वसलेल्या प्युरिटन पंथीयांनीं सद्गुणांचीं व उपदेशाचीं नांवें उचललीं. हार्वर्ड विद्यालयाचे प्रमुख झालेले धर्मोपदेशक इन्क्रीज मॅदर (जन्म १६३९) यांच्या नांवाचा अर्थ केवळ ‘वृद्धि’. त्यांच्या मुलाचें नांव कॉटन. तें कापसावरून आलेलें नसून त्याच्या आईचें माहेरचें आडनांव होतें. आडनांव हेंच पहिलें नांव करण्याचा हा प्रघात पुढें टिकला, आणि आजच्या पुष्कळशा चमत्कारिक नांवांची किल्ली त्यांतच आहे.

इंग्रजी आडनांवांपैकीं पुष्कळशीं धंद्यांवरून पडलेलीं. मेसन म्हणजे गवंडी, कूपर म्हणजे लांकडी पिंपें करणारा, टायलर म्हणजे कौलें घालणारा, फ्लेचर म्हणजे बाण करणारा, चँडलर म्हणजे मेणबत्त्या करणारा. आपल्याकडे सुतार, लोहार हीं आडनांवें आहेत. पण पाळण्यांतील मुलास ‘सुतार’ म्हणून हांक कोणी मारणार नाहीं. अमेरिकेंत गवंडी मात्र २०११ सालीं मुलांच्या यादींत दुसऱ्या क्रमांकावर होता! त्या आईबापांच्या मनांत थापी आणि चुना नसतो. भारदस्त पण सुटसुटीत असा एक ध्वनि असतो.

मॅडिसनची कथा याहून मौजेची आहे. हेंही आडनांवच, त्याचा अर्थ ‘मॉडचा मुलगा’. चवथे राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांच्यावरून न्यूयॉर्कमधील एका हमरस्त्यास मॅडिसन ॲव्हेन्यू हें नांव पडलें. १९८४ सालीं ‘स्प्लॅश’ नांवाचा बोलपट निघाला. त्यांत समुद्रांतून आलेली एक मत्स्यकन्या न्यूयॉर्कांत हिंडत असतां आपल्यासाठीं नांव शोधते, आणि रस्त्यावरील पाटी वाचून ‘मॅडिसन’ पसंत करते. हें कांहीं बाईमाणसाचें नांव नव्हे, हाच त्या प्रसंगांतील विनोद होता. पुढच्याच वर्षीं मॅडिसन मुलींच्या पहिल्या हजार नांवांत आलें, आणि २००१ सालीं तें दुसऱ्या क्रमांकावर होतें. विनोद विरून गेला आणि नांव उरलें. ‘मॉडचा मुलगा’ असा अर्थ असलेलें नांव लक्षावधि मुलींनीं धारण केलें, यांत कोणासच कांहीं वावगें वाटलें नाहीं.

कांहीं नांवें तर निव्वळ यमकानें जन्मास आलीं. एडन हें जुनें आयरिश नांव. ‘अग्नि’ या अर्थाच्या शब्दाचें तें लाडकें रूप असून सातव्या शतकांतील एका संताचें तें नांव होतें. त्याला शेजारी म्हणून हेडन, ब्रेडन, केडन, जेडन अशी मालिकाच उभी राहिली. हेडन हें तरी इंग्रजी आडनांव आहे. जेडनला मात्र सांगण्याजोगें जुनें कूळ नाहीं. बायबलमध्यें जादोन नांवाचा एक इसम येतो, तो या नांवाचा पूर्वज म्हणून दाखविण्यांत येतो खरा, पण ती सोयरीक मागाहून जुळविलेली दिसते. नांवांच्या बाजारी पुस्तकांत प्रत्येक नांवापुढें कांहीं तरी मंगल अर्थ छापलेला असतो. त्यावर फार विसंबूं नये.

नव्हेया हें नांव मराठी कानाला नकारार्थी वाटेल, पण त्याचा आशय अगदीं उलट आहे. इंग्रजींत स्वर्गास हेवन म्हणतात. त्या शब्दाचीं सहा अक्षरें शेवटाकडून आरंभाकडे लिहिलीं कीं हें नांव तयार होतें. २००० सालीं सनी सँडोव्हल नांवाच्या ख्रिस्ती भक्तिपर रॉक संगीत गाणाऱ्या गायकानें दूरचित्रवाणीवर आपल्या तान्ह्या मुलीचें हें नांव व त्याची घडण सांगितली. तत्पूर्वीं, १९९९ सालीं, सगळ्या देशांत हें नांव मिळालेल्या मुली अवघ्या आठ होत्या. २०१० सालीं त्याचा क्रमांक पंचविसावा लागला. भाषाशास्त्रज्ञ ज्याला व्युत्पत्ति म्हणतात, तसें येथें कांहीं नाहीं. केवळ आरशांत पाहिलेला शब्द आहे. पण जन्मलेल्या लेकराविषयींची कृतज्ञता त्यांत खोटी आहे, असें कोण म्हणेल?

स्थलनामांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. ब्रुकलिन हा न्यूयॉर्कचा भाग हॉलंडांतील ब्रोकेलेन या गांवावरून ओळखला जाऊं लागला. आतां तें मुलीचें नांव आहे. डकोटा हें अमेरिकेंतील एका मूळ रहिवासी जमातीचें स्वतःचें नांव असून त्याचा अर्थ ‘मित्र, सहायक’ असा आहे. ज्यांच्या भूमीवरून त्या जमातींस हुसकून लावण्यांत आलें, तेथेंच हुसकणाऱ्यांच्या वंशजांनीं आपल्या मुलांस त्यांचें नांव द्यावें, हा इतिहासाचा खेळ म्हणावयाचा.

कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या नांवांचा विचार मात्र सावकाश केला पाहिजे, कारण तेथें हौसेपेक्षां अधिक कांहीं आहे. गुलामगिरींत माणसाचें नांव मालक ठरवी. ॲलेक्स हेली यांच्या १९७६ सालच्या ‘रूट्स’ कादंबरींत आफ्रिकेंतून पकडून आणलेल्या कुंटा किंटे या तरुणावर टोबी हें नांव लादलें जातें. पुढें तो आपल्या मुलीस किझी हें नांव देतो. तिची विक्री होऊं नये म्हणून कादंबरींत त्याचा अर्थ ‘तूं येथेंच राहा’ असा दिला आहे. ती मुलगी तरीही विकली जाते. १९७७ सालीं ही कथा दूरचित्रवाणीवर दाखविली गेली, आणि त्याच वर्षीं किझी नांवाच्या मुलींची संख्या एकदम वाढली. दिलेलें नांव टाकून आपलें नांव आपण घेण्याची चळवळ त्या आधींच सुरू झाली होती. मुष्टियोद्धा कॅशियस क्ले १९६४ सालीं महंमद अली झाला, तें त्याच काळांत.

या नांवांत दोन प्रवाह दिसतात. एक अरबी-स्वाहिली शब्दांचा: इमानी म्हणजे ‘श्रद्धा’, आलिया म्हणजे ‘उच्च’, मलिक म्हणजे ‘राजा’. यांतील इमानी मराठींतील ‘इमान’ शब्दाची सख्खी बहीण आहे, आणि माजी राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांच्या नांवांत आपली ‘बरकत’ आहे. दोन्ही शब्द अरबींतून निघून एक पूर्व आफ्रिकेकडे व दुसरा दख्खनकडे गेला. दुसरा प्रवाह नव्या घडणीचा. डिशॉन या नांवांत ‘डि’ हा उपसर्ग असून शॉन हें जॉनचेंच आयरिश रूप आहे. म्हणजे ज्याला परका समजतात त्या शब्दाच्या पोटांत जुना जॉनच बसलेला आहे.

या नांवांची किंमतही मोजावी लागते. मारियान बर्ट्रँड व सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनीं बॉस्टन व शिकागो येथील जाहिरातींना सुमारें पांच हजार अर्ज पाठविले. योग्यता सारखी, कांहींवर एमिली, ग्रेग अशीं गोऱ्यांचीं समजलीं जाणारीं नांवें, तर कांहींवर लकीशा, जमाल अशीं कृष्णवर्णीयांचीं. २००४ सालीं प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता कीं, गोऱ्या नांवाच्या अर्जदारास दहा अर्जांमागें एक बोलावणें येई, तर दुसऱ्यास पंधरांमागें एक. त्याच वर्षीं रोलंड फ्रायर व स्टीव्हन लेव्हिट यांनीं कॅलिफोर्नियांतील जन्मनोंदींवरून दाखविलें कीं, घरची परिस्थिति हिशेबांत घेतली तर केवळ नांवामुळें पुढील आयुष्याची हानि झालेली दिसत नाहीं. हीं दोन्ही विधानें एकमेकांच्या विरुद्ध भासतात. पण एक दारावरील थाप सांगतें आणि दुसरें सबंध आयुष्याची गोळाबेरीज. दार न उघडलेल्या माणसास त्या बेरजेचें समाधान कितपत वाटावें?

नांवाबद्दल सर्व देशास लागू असा कायदा अमेरिकेंत नाहीं. प्रत्येक संस्थानाचे नियम वेगळे. २०१३ सालीं टेनेसींत एका बालकाचे आईबाप आडनांवाचा तंटा घेऊन न्यायाधिकाऱ्यापुढें गेले. मुलाचें नांव मेसाया, म्हणजे हिब्रू भाषेंत ‘अभिषिक्त’. ही पदवी एकट्या येशू ख्रिस्ताची आहे, असें सांगून त्या बाईंनीं, कोणी मागितलें नसतां, मुलाचें नांव मार्टिन करण्याचा हुकूम दिला. आदल्या वर्षीं सातशेंहून अधिक मुलांना हेंच नांव मिळालेलें होतें, आणि स्पॅनिश भाषिकांत तर प्रत्यक्ष येशूचें नांव सर्रास ठेवितात. पुढच्याच महिन्यांत वरच्या न्यायालयानें हुकूम राज्यघटनेविरुद्ध म्हणून रद्द केला. २०१४ च्या आरंभीं त्या अधिकाऱ्यास पदावरून दूर करण्यांत आलें. निवाडा योग्यच झाला. नांव पोरकट असो वा उद्धट, तें देण्याचा हक्क आईबापांचा. कॅलिफोर्नियांत मात्र २०२० सालीं उद्योगपति ईलॉन मस्क यांना मुलाच्या नांवांतील १२ हा आंकडा रोमन अक्षरांत लिहावा लागला, कारण तेथें जन्मनोंदींत आंकडे चालत नाहींत.

अगदीं अलीकडील नांवें दूरचित्रवाणीनें दिलीं. २०११ ते २०१९ या काळांत ‘गेम ऑफ थ्रोन्स’ ही मालिका चालली. तिच्यासाठीं डेव्हिड पीटरसन या भाषाशास्त्रज्ञानें डोथ्राकी नांवाची एक बनावट भाषा व्याकरणासह रचली. तींत टोळीच्या नायकाच्या पत्नीस खलीसी म्हणतात. मूळ हें नांव नव्हे, पदवी आहे. तरी २०१८ सालीं ५६० मुलींना तें देण्यांत आलें. पुढच्या वर्षीं शेवटून दुसऱ्या भागांत ती खलीसी शरण आलेलें नगर जाळून टाकते. तोंवर त्या नांवाच्या कांहीं मुली शाळेंत जाऊं लागल्या होत्या.

त्याच मालिकेंत हातीं तरवार घेतलेली एक धीट मुलगी आहे, तिचें नांव आर्या. २०१८ सालीं अमेरिकेंत अडीच हजारांवर मुलींचें हें नांव नोंदलें गेलें. महाराष्ट्रांत मोरोपंतांमुळें हा शब्द वृत्ताचें नांव म्हणून घरोघर ठाऊक आहे, आणि मुलीचें नांव म्हणूनही तो रूढ आहे. अमेरिकेंत स्थायिक झालेलीं मराठी व इतर भारतीय कुटुंबें, शिक्षकास उच्चारतां यावीं आणि आजीलाही परकीं वाटूं नयेत, अशीं माया, नील, आर्या हीं नांवें पसंत करतात. सरकारी यादींत अर्थाचा रकाना नाहीं. त्या अडीच हजारांतील कोणती आर्या तरवारीची आणि कोणती मोरोपंतांची, हें फक्त ज्याच्या त्याच्या घरींच कळावयाचें.